उपचार निष्प्रभ होतात तेव्हा



१९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी शिकागोत डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की, पुरुषी संप्रेरक रोखल्यास प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ओसरतो. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

परंतु कालांतराने अनेक रुग्णांत रोग पुन्हा उसळतो. कर्कपेशी संप्रेरकाचा संदेश टिपणारे प्रथिन अधिक बनवितात, किंवा त्याचे असे रूप घडवितात, जे संप्रेरकाविनाही वाढीची जनुके जागी ठेवते. हा रुग्णाच्या पथ्याचा वा श्रद्धेचा दोष नव्हे.

म्हणून कनेरगाव नाक्यावरील आपल्या ज्येष्ठांना बोल लावू नका. पुन्हा तज्ज्ञांकडे न्या. पुढचे उपचार उपलब्ध आहेत. आणि ज्येष्ठहो, लघवीचा त्रास लाजेपोटी लपवू नका.