नळांतील गंज

परांडा तालुक्यांतील सोनारी हें गांव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें सर्वांस परिचित आहे. अशा लहान गांवीं विहिरीचें पाणी टाकींत चढवून नळांनीं घरोघर नेलें, म्हणजे शुद्ध पाण्याची चिंता मिटली असें वाटतें. परंतु लोखंडी नळ असल्यास एक चिंता उरतेच.

लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आले कीं गंज चढूं लागतो. जस्ताचा मुलामा प्रथम स्वतः झिजून लोखंडास वांचवितो. तो संपला म्हणजे लोखंड उघडें पडतें. पाणी ठराविक वेळींच सोडल्यास रिकाम्या नळांत हवा शिरते व झीज वाढते. पाणी तांबूस होतें, हें दोषांतील लहान दोष. टाकींतील ब्लीचिंग पावडरचें क्लोरीन गंजाशीं झुंजतांनाच खर्ची पडतें आणि शेवटच्या घरीं जंतूंना मोकळें रान मिळतें.

दख्खनच्या काळ्या खडकांतील पाणी बहुधा जड असतें. त्यांतील चुन्याचा पातळ थर नळास आंतून कवचासारखा राखतो. तो जाड झाला तर मात्र नळ चोंदतो. हा समतोल मोजण्याची रीत लँगेलियर ह्यांनीं १९३६ सालीं दिली. आम्लधर्मी पाण्यांत मोजका चुना मिसळतात. भारतीय मानकाप्रमाणें पी.एच. ६.५ ते ८.५ असावा.

अमेरिकेंतील फ्लिंट शहरानें २०१४ सालीं गंजरोधक द्रव्य न घालतां नदीचें पाणी सोडलें, तेव्हां नळांतलें शिसें लोकांच्या पेल्यांत उतरलें. म्हणून पाण्याचा उगम बदलतांना आधीं परीक्षा करावी, नळांचीं टोकें वेळोवेळीं धुवावीं आणि क्लोरीन टाकीजवळ न तपासतां शेवटच्या घरच्या तोटीशीं तपासावें.