इंझोरीहून शिवाराकडे

१९७१ साली इंग्लंडात सू कॉपर्ड या लंडनवासी बाईंनी शहरी माणसाने सेंद्रिय शेतावर राबावे व मोबदल्यात अन्न-निवारा घ्यावा असा प्रघात पाडला. तथापि बाबा आमट्यांनी त्यापूर्वीच, साठच्या दशकात, सोमनाथच्या छावणीत तरुणांच्या हाती कुदळ दिली होती, हे मला अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

त्याच धर्तीवर इंझोरीच्या मित्रमंडळींनी मानोरा-दिग्रसच्या सडकेने निघावे, आणि एखाद्या नैसर्गिक शेतकऱ्याची आगाऊ परवानगी घेऊन चार दिवस राबावे. बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी रूढ केलेले जीवामृत हे द्रवखत तेथे करायला शिकावे: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, तितकेच बेसन, बांधावरची मूठभर माती. हे मिश्रण पिंपात घालून सावलीत ४८ तास काठीने सकाळ-संध्याकाळ ढवळावे लागते.