दोन पारव्यांचें अर्पण

(प्रभूच्या मंदिरांतील समर्पणाच्या सणीं, ता. २ फेब्रुवारी रोजीं केलेलें भाषण)



नाताळचा गोठा आवरून ठेवला, दारावरचे तारे उतरले, आणि पुष्कळांच्या मनांत नाताळही त्याच खोक्यांत बंद झाला. ख्रिस्तसभेची गणना मात्र निराळी आहे. इ. स. १९६९ च्या सुधारित पंचांगाप्रमाणें नाताळचा काळ प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणानें संपतो हें खरें. तथापि बाळाच्या जन्मदिवसापासून चाळीस दिवस मोजले म्हणजे आजचा सण येतो, आणि ही मोजणी मोशेच्या नियमशास्त्रांतली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमची यात्रा करणाऱ्या एगेरिया नांवाच्या स्त्रीनें तेथील चाळिसाव्या दिवसाचा उत्सव पाहून वर्णिला आहे. तेथें मात्र तो प्रकटीकरणाच्या सणापासून मोजीत असत.

आज मला एकाच गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत बाळंतिणीनें कोणतें अर्पण आणावें तें सांगितलें आहे: एक वर्षाचें कोंकरूं, आणि त्याबरोबर एक होला किंवा पारव्याचें पिलूं. परंतु जिला कोंकरूं परवडत नाहीं तिनें दोन पक्षी आणावे, तेवढें पुरे. आतां लूकचें शुभवर्तमान उघडा. तेथें पक्ष्यांचाच उल्लेख आहे. कोंकराचें नांवही नाहीं. योसेफ आणि मरीया गरीब होतीं असें लूक कोठेंही सांगत नाहीं. नियम ज्याला ठाऊक, त्याला तें समजतें. ही त्याची सांगण्याची रीत मला फार आवडते. कोणी विचारील कीं, मागी लोकांनीं दिलेलें सोनें कोठें गेलें? मत्तय सांगतो कीं ते ‘घरांत’ आले, आणि हेरोदानें दोन वर्षांपर्यंतचीं मुलें मारविलीं. तेव्हां ते नंतर आले असें मानण्यास अडचण नाहीं. असो.

योसेफानें कोंकरासाठीं कर्ज काढलें नाहीं. लोक काय म्हणतील म्हणून बाळाला घरीं ठेवलेंही नाहीं. गरिबांसाठीं नियमानें जी वाट ठेविली होती, त्या वाटेनें तीं उभयतां, हातांत दोन पक्षी घेऊन, सर्वांदेखत मंदिरांत गेलीं.

आपल्याकडे काय चाललें आहे? गेल्या पावसाळ्यांत एक गवंडीकाम करणारा बाप माझ्याकडे आला. मुलगी चौदा महिन्यांची, आणि स्नानसंस्कार अद्याप झालेला नाहीं. कारण विचारलें, तर खालीं पाहून म्हणाला, “फादर, पाहुण्यांना वाढूं काय? शेजारच्यांनीं तीनशें माणसें जेविविलीं.” बायको दाराशीं उभी होती, तिचे डोळे भरून आले. मीं सांगितलें, “येत्या रविवारीं या. एक धर्ममाता आणा, तेवढी पुरते.” तीं आलीं. नंतर चहा आणि बिस्किटें झालीं, आणि मुलगी इतकी रडली कीं माझें निम्में बोलणें कोणास ऐकूं गेलें नाहीं!

असा बाप एकटा नाहीं. इ. स. १९८३ च्या धर्मसंहितेचें ८६७ वें कलम सांगतें कीं, आईबापांनीं बालकाचा स्नानसंस्कार पहिल्या कांहीं आठवड्यांतच करून घ्यावा. आणि ८४८ वें कलम आम्हां धर्मगुरूंस बजावतें कीं, गरिबीमुळें कोणीही संस्कारांस मुकतां कामा नये. मांडव, बँड आणि जेवणावळ यांविषयीं संहितेंत एक अक्षर नाहीं. मग हा नियम केला कोणी? ज्यांस परवडतें त्यांनीं केला, आणि ज्यांस परवडत नाहीं त्यांच्यावर तो लादला गेला. आनंद करूं नका असें मी म्हणत नाहीं. पण आपल्या पंगतीमुळें शेजाऱ्याचें बाळ पवित्र कुंडापासून दूर राहत असेल, तर ती पंगत मला गोड लागत नाहीं.

मंदिरांत त्या दिवशीं पाहुणे होते कोण? शिमोन, आणि फनुएलाची मुलगी हन्ना. दोघांपैकीं एकालाही आमंत्रण नव्हतें. हन्ना लग्नानंतर सात वर्षांतच विधवा झालेली, चौऱ्याऐंशीचा आंकडा गांठलेली बाई. मंदिर सोडून ती कोठें जात नसे. योसेफाच्या हातांत काय आहे हें या दोघांनीं पाहिलें नाहीं; त्यांनीं बाळ पाहिलें. शिमोनानें त्याला कवेंत घेतलें, आणि मातेला तिच्या हृदयावरील तरवारीचेंही भविष्य सांगितलें. तें दुःख वधस्तंभापाशीं उभें राहीपर्यंत तिच्याबरोबर होतें.

आपल्या मंदिरांतही रोज सकाळच्या मिस्सेला पहिल्या बांकावर बसणाऱ्या अशा हन्ना आहेत. त्यांची नांवें मी घेत नाहीं, त्या रागावतील. त्यांना माझी विनंती आहे. या महोत्सवी वर्षांत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सेनंतर, सामुदायिक स्नानसंस्कार होईल. ज्या बाळाबरोबर पाहुणे नसतील त्याच्याजवळ आपण उभें राहावें, त्याला हातांत घ्यावें. चहा धर्मग्रामाच्या खर्चानें होईल. ज्यांच्या घरीं बाळाचा संस्कार राहिला आहे त्यांनीं आज मेणबत्त्यांचा आशीर्वाद झाल्यावर माझ्याकडे नांव द्यावें. कचेरीचें दार दुपारपर्यंत उघडें आहे.