थर्ल्सचें क्रीडांगण

आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यांत थर्ल्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. वस्ती सुमारें ८,०००. परंतु तेथील सेम्पल क्रीडांगणांत ४५,००० प्रेक्षक मावतात! हा पसारा कशासाठीं, असें कोणीही विचारील.

याचें उत्तर इतिहासांत आहे. १८८४ च्या १ नोव्हेंबरला, देशावर इंग्रजांचा अंमल असतांना, याच गांवांतील एका हॉटेलांत मायकेल क्यूसॅक प्रभृति मंडळी जमली. मागें पडत चाललेल्या देशी खेळांच्या रक्षणार्थ त्यांनीं गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापिली. त्या खेळांत अग्रमान हर्लिंगचा. पंधरा-पंधरा गडी लांकडी काठ्यांनीं चामडी चेंडू टोलवितात. तो आडव्या दांडीखालून जाळ्यांत गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक.

मैदानाला १९७१ सालीं टॉम सेम्पलचें नांव दिलें. १९०६ व १९०८ सालीं टिपरेरीनें अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां तोच कर्णधार होता. संस्थेच्या शताब्दीनिमित्त १९८४ चा अंतिम सामना डब्लिनऐवजीं येथेंच झाला आणि कॉर्कनें ऑफलीस हरविलें.

नवल हें कीं, एवढ्या गर्दीपुढें खेळणाऱ्यांस वेतन नाहीं. रविवारीं टाळ्या घेणारा गडी सोमवारीं आपल्या कामावर रुजू होतो. सरावाचा भार वाढत असतां ही निष्ठा टिकविणें सोपें नाहीं. पण ज्या दिवशीं ती सरेल, त्या दिवशीं थर्ल्सचें मैदान केवळ सिमेंटच्या पायऱ्यांपुरतेंच उरेल.