आधी औषध, मागाहून जबाब



संयोजकांनी मजकडे ‘वनजिल्ह्यांतील आरोग्यसेवा’ हा विषय सोपविला आहे. परंतु हिवताप, सिकलसेल, रस्त्यांची दुर्दशा आणि डॉक्टरांची वाण यांविषयी हे सारे भोगलेल्या श्रोत्यांना मी नवे काय सांगणार? तेव्हा ते बाजूस ठेवून मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे : जिच्यावर बलात्कार झाला आहे त्या स्त्रीसाठी दवाखान्याचे दार ठाण्याच्या दाराआधी उघडले पाहिजे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या, पोलीस ठाण्यात एका मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचे जे प्रकरण घडले ते येथील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हावयाचा होता; वडसा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते. आरोपी पोलिसांची सत्र न्यायालयातील निर्दोष मुक्तता, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करणे, त्यावर कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये लिहिलेले खुले पत्र आणि १९८३ ची कायदादुरुस्ती हा इतिहास मी पुन्हा उगाळीत नाही. त्या मुलीचे नावही घेत नाही. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे त्याच दुरुस्तीने गुन्हा ठरविले आहे. मला सांगावयाचे आहे ते त्या रात्री पुढे काय झाले एवढेच.

ठाण्याचे दार आतून बंद, दिवे मालवलेले, बाहेर भाऊ आणि सोबतची माणसे तिष्ठत उभी, भोवती जमलेला जमाव क्षुब्ध होत चाललेला; अशात चौदा ते सोळा वर्षांची ती आदिवासी मजूर मुलगी बाहेर येते आणि आपल्यावर काय गुदरले ते सांगते. तिची माणसे तिला घेऊन जातात ती डॉक्टरकडे. कायद्याचे एक कलम न वाचलेल्या त्या कष्टकऱ्यांना उपजत जे उमगले, ते आपल्या शासनाला समजावयास पुढे चाळीस वर्षे लागली! डॉक्टरांनी त्यांना सांगितले, ठाण्यात जाऊन फिर्याद द्या. ज्या ठाण्यातून ती निघाली होती, त्याच ठाण्यात. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता, आणि तीत अंगावर जखम नाही, कौमार्यपटल पूर्वीच फाटलेले आहे, अशी जी नोंद झाली तीच पुढे तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. तिला औषध कोणते दिले, धीर कोणी दिला, याविषयी निकालपत्रातील हकिकत मूक आहे. त्या मुलीचे शरीर पुरावा म्हणून तपासले गेले. रुग्ण म्हणून तिच्याकडे पाहिल्याचे कोठे दिसत नाही.

मागील रांगांत कुजबुज चाललेली मला ऐकू येते. तेथे माझे काही डॉक्टर व्यवसायबंधू बसले आहेत. मी कोणावर आरोपपत्र ठेवावयास आलेलो नाही. पोलिसांचे पत्र आल्याशिवाय अशा प्रकरणास हात लावू नये, हा तेव्हा शिरस्ताच होता. परंतु तो शिरस्ता मनातून अद्याप गेलेला नाही, हे आपणही नाकारणार नाही.

शरीर पत्राची वाट पाहत नाही. एचआयव्हीचा प्रतिबंध करणारी औषधे शक्य तितक्या लवकर, शक्य झाल्यास पहिल्या दोन तासांतच, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात व ती २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांपर्यंत चालत असली तरी दर दिवसागणिक तिचा गुण उणावतो. आता भामरागडकडील एखादे खेडे डोळ्यांपुढे आणा. एक रात्र भयाने मूक जाते, एक दिवस गावबैठकीच्या तडजोडीत जातो, आणि पावसाळा असेल तर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहत असते. उरलेले तास आपण फिर्याद कोठे नोंदवावी या हद्दीच्या वादात घालविणार काय?

एका गृहस्थांची चिठ्ठी आली आहे : ‘आमच्याकडील बायका हे बोलतच नाहीत.’ डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील वसा व अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवले. त्या स्त्रियांपैकी पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. त्या बोलत नव्हत्या, कारण त्यांना कोणी विचारले नव्हते. आस्थेने विचारणारी बाई दारी येताच याच स्त्रिया बोलू लागल्या. याविषयी मला पुष्कळ सांगावयाचे होते. पण अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकविले आहे.

म्हणून थोडक्यात. २०१३ च्या कायदादुरुस्तीपासून सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. नकार हा कारावासास पात्र अपराध आहे, आणि नव्या फौजदारी संहितांतही तो तसाच कायम आहे. पोलिसांना कळविणे हे रुग्णालयाचे काम. फिर्याद द्यावी की न द्यावी हे ठरविणे प्रौढ स्त्रीच्या हाती. उपचार या दोहोंपैकी कशावरही अडत नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत वर्दी देणे बंधनकारक आहे, पण तिच्या उपचारासाठीही पत्र मागता येत नाही. स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन क्रमांक घरोघरी लिहून ठेवा. आणि आपापल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात याच आठवड्यात जाऊन एवढे विचारा, की मघाशी सांगितलेली औषधे तेथे आहेत काय, आणि ती ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली रात्री कोणापाशी असते.