अटक, झडती आणि नागरिकाचे हक्क
भोर किंवा राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात कोणालाही अटक झाली, तरी राज्यघटनेचा अनुच्छेद २२ त्याच्या पाठीशी असतो. अटकेचे कारण सांगणे आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मुंबईतील एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हे कारण लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावे, असे स्पष्ट केले.

अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. त्यातून केवळ प्रवासाचा वेळ वगळतात. केळदसारख्या घाटमाथ्यावरच्या गावापासून वाट लांबची असली, तरी ठाण्यात बसवून ठेवलेला वेळ वगळला जात नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे नियम मात्र वेगळे आहेत. अपवादात्मक परिस्थिती सोडता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.

झडतीसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यानुसार परिसरातील किमान दोन पंच हजर लागतात आणि झडतीचे चित्रीकरण करावे लागते. कपाटातला मोबाइल असो वा माळ्यावरचा कोयता, जप्त केलेली प्रत्येक वस्तू यादीत नोंदवली जाते. यादीवर पंच सही करतात आणि तिची प्रत घरातील व्यक्तीला मिळते.