विम्याचा पैसा आणि त्याचा धनी

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवरून बोलले, आणि आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतल्याचे देशाला कळले. वटहुकूम निघेपर्यंत कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. बातमी आधी फुटली असती तर काही मालकांनी तिजोऱ्या साफ केल्या असत्या, आणि ही भीती अगदीच वावगी नव्हती. आदल्याच महिन्यात फिरोज गांधींनी उद्योगपती दालमियांच्या विमा कंपनीतल्या पैशाला कुठे पाय फुटले, ते लोकसभेत मांडले होते.

समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव काँग्रेसने आवडीच्या अधिवेशनात १९५५ सालीच केला होता. त्याला धरून २४५ लहानमोठ्या विमासंस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. (देशमुख तोवर मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले होते.) भांडवल अवघे ५ कोटी. बळ होते ते कारकुनांनी, मास्तरांनी भरलेल्या हप्त्यांचे. तो पैसा चार घराण्यांच्या धंद्यात न जिरता देशाच्या योजनांना लागावा, हा बेत होता.

आणि वर्ष सरायच्या आत, जून १९५७ मध्ये, महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले, तेही आपल्याच गुंतवणूक समितीला न विचारता! पुन्हा उठले ते फिरोज गांधीच. सत्ताधारी पक्षाचे खासदार, वर पंतप्रधानांचे जावई. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत चौकशी जाहीरपणे चालवली. गर्दी एवढी की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

सरकारी मालकी नासतेच, याचा हा पुरावा असे पुष्कळजण सांगतात. मला उलटे वाटते. दालमिया प्रकरणही संसदेतच निघाले, हे खरे. पण तिथे जाब द्यायला बांधलेला मंत्री नव्हता. मुंदडा प्रकरणात होता, आणि त्याला जावे लागले. सोव्हिएत रशियात खाणी, कारखाने, बँका, सारे जनतेच्या नावावर होते. तिथे स्वपक्षाच्या मंत्र्याला भर सभागृहात असा हिशेब मागण्याची सोय नव्हती.

मे २०२२ मध्ये सरकारने महामंडळातला साडेतीन टक्के हिस्सा बाजारात विकला. भाव किती आला, यापेक्षा मला दुसरेच विचारावेसे वाटते: उद्या मुंदडा प्रकरणासारखा व्यवहार पुन्हा झाला, तर हप्ते भरणाऱ्याने कुणाच्या दारात जायचे?